खोलीपुरता आवाज: इलेक्ट्रिक गिटारसाठी पहिला अ‍ॅम्प घेताना

नवी इलेक्ट्रिक गिटार घरी आली की पहिल्या संध्याकाळी लक्षात येतं, की नुसती तार छेडून हिचा आवाज दारापर्यंतही पोचत नाही. तो मोठा करायला अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजेच अ‍ॅम्प, लागतो. मग अ‍ॅम्पचा शोध सुरू होतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वॅटचा घेऊ? सोलापुरात याचं उत्तर देणारे बहुतेक जण स्टेजवरचे असतात. ऑर्केस्ट्रात वाजवणारे दादा, मंडपाची कामं करणारे साऊंडवाले काका. त्यांच्या कामाला मोठा आवाज लागतो, म्हणून ते मोठाच अ‍ॅम्प सांगतात, आणि त्यांच्या जागी ते बरोबर असतात. तुमची जागा वेगळी आहे. दहा बाय बाराची खोली, भिंतीपलीकडे अभ्यास करणारी बहीण आणि रात्री साडेनऊची वेळ.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की ज्या आवाजात तुम्ही रोज वाजवणार आहात, त्याच आवाजात जो अ‍ॅम्प चांगला वाजतो तो घ्या. मोठ्या आवाजात तो काय कमाल करतो हे घरच्या सरावाच्या कामाचं नाही. वॅट, कंपनी, किती इफेक्ट आहेत, सगळं यानंतर.

घरात होम थिएटर आहे, ब्लूटूथ स्पीकर आहे, त्यावर भागत नाही का, असं घरातली वडील माणसं हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे, खर्च त्यांच्या खिशातून होणार असतो. जोड लावून गिटार त्यात घालता येते, आवाजही येतो, पण त्यात जीव नसतो. गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांखाली बसवलेल्या, त्यांची थरथर विजेत बदलणाऱ्या चुंबकी भागातून, निघणारा सिग्नल नाजूक असतो. तो नीट उचलता यावा म्हणून गिटार अ‍ॅम्पचं इनपुट साधारण दहा लाख ओहमचं ठेवतात. गाणी ऐकायच्या यंत्राचं इनपुट बहुधा दहा ते पन्नास हजार ओहमच्या आसपासचंच असतं, त्यामुळे पिकअपवर भार येतो आणि आवाजातली चमक निघून जाते. शिवाय गाणी ऐकायचा स्पीकर वीस हजार हर्ट्झपर्यंत सगळं वाजवायला बघतो, तर गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या पुढे हात आखडता घेतो. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम तोडलेला खरखरीत आवाज, भरीव वाटतं ते त्यामुळेच. तेच डिस्टॉर्शन होम थिएटरवर लावलं तर नुसता कर्कश्श बझ ऐकू येतो. घरच्यांना हे असंच समजावून सांगा, पटतं.

पायरी १: आधी घर ऐका

दुकानात जाण्याआधी वाजवायची जागा आणि वेळ ठरवा. त्या जागी, त्या वेळी थोडा वेळ नुसतं शांत बसा आणि काय काय ऐकू येतं ते बघा.

शहराच्या पूर्व भागात खालच्या मजल्यावर किंवा शेजारच्या शेडमध्ये यंत्रमाग चालत असतील, तर दिवसा खोलीत साधं बोलायलाही आवाज चढवावा लागतो. दुपारी ऐकून अंदाज बांधला तर मोठ्याच अ‍ॅम्पची गरज आहे असं वाटेल. पण माग थांबले की तीच गल्ली इतकी शांत होते, की तुमच्याकडे भांडं पडलं तर समोरच्या घरी कळतं. तुमचा सराव त्या शांततेत होणार असेल, तर मोजमाप तिचंच धरा. माग चालू असतानाच वाजवायचं असेल, तर पूर्ण कान झाकणारा हेडफोन घ्या. मागाच्या खडखडाटावर मात करायला अ‍ॅम्प वाढवत नेला, तर दोन्ही आवाजांचा मार तुमच्याच कानांना बसतो.

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडकडच्या फ्लॅटमध्ये अडचण खालच्या घराची असते. बारीक तारांचा तीक्ष्ण आवाज भिंतीत बराचसा अडतो, जाड तारांची धडधड मात्र स्लॅबमधून खाली उतरते. खालच्या काकू तक्रार घेऊन येतात ती बहुतेकदा या धडधडीची असते, सुरांची नसते. जुन्या पेठांतल्या माळवदाच्या घरांत मातीच्या जाड भिंती आवाज बाहेर जाऊ देत नाहीत, ती घरं गिटारवाल्याला फार सोयीची. पत्र्याच्या खोलीत एखाद्या ठराविक सुराला पत्राच थरथरतो. शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि सामान कमी अशी खोली असेल, तर आवाज खणखणतो आणि आहे त्यापेक्षा तिखट वाटतो.

नियमाचंही माहीत असू द्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. त्या वेळेत हेडफोनच.

पायरी २: वॅटच्या आकड्याला घाबरू नका आणि भुलूही नका

हे गणित एकदा नीट समजून घेतलं की पुढची निम्मी खरेदी सोपी होते. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. वॅट दहापट केले तर १० डेसिबलने, आणि तेवढा फरक माणसाच्या कानाला साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे १०० वॅटचा अ‍ॅम्प १० वॅटच्या दहापट मोठा वाजत नाही, दुप्पट वाजतो.

आता खोलीत लागतं किती? लहान स्पीकरला १ वॅट दिला, तर एक मीटरवर साधारण ९० डेसिबलच्या आसपास आवाज निघतो. समोरासमोर बसून बोलतो तो आवाज ६० डेसिबलच्या घरात असतो. या दोन्हींत ३० डेसिबलचं अंतर आहे, म्हणजे बोलण्याच्या आवाजात गिटार वाजवताना अ‍ॅम्प एका वॅटचा हजारावा भाग वापरत असतो. जरा जोरात, ८० डेसिबलला वाजवलंत, तरी एका वॅटचा दहावा भाग. पाच, सात, दहा वॅटचा अ‍ॅम्प घरात पुरेल का, या शंकेचं उत्तर यातच आहे: पुरून कितीतरी उरतो.

मोठा अ‍ॅम्प घरात आणला की काय होतं? व्हॉल्यूमचा नॉब शून्य आणि एक यांच्या मधेच अडकून राहतो. त्या जागेत केसभर फिरवला तरी एकदम आवाज उसळतो किंवा पार गप्प होतो. असा अ‍ॅम्प रोज लावायचा कंटाळा येतो, आणि मग गिटार कपाटावर जाते. मोठा घ्यायचाच असेल, तर वॅट कमी करायची सोय असलेला बघा. बॉस कटाना ५० मध्ये ५०, २५ आणि अर्धा वॅट अशी निवड करता येते. त्यातला अर्धा वॅट घरासाठी खरोखर उपयोगाचा आहे.

पायरी ३: स्पीकर आणि पेटी

गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ८२ हर्ट्झचा सूर निघतो. तीन-चार इंची स्पीकर हा सूर पूर्ण उभा करू शकत नाही. त्याच्या वरचे स्वरांश ऐकू येतात आणि बाकीचं कान भरून काढतो. सहा-साडेसहा इंचीवर थोडा भरीवपणा येतो, आठ इंचीवर कॉर्ड वाजवल्यासारखी वाटते. फक्त स्पीकरचा आकार बघू नका, त्याची पेटीही बघा. पातळ प्लॅस्टिकच्या पेटीपेक्षा लाकडी किंवा जाड एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) पेटी कमी खडखडते. जागा आणि पैसे दोन्ही असतील तर माझी पसंती आठ इंचीला आहे. वसतिगृहात किंवा भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्याने मात्र लहान स्पीकर घेताना मन खट्टू करू नये. बोटं तयार होण्यासाठी तेवढा पुरतो.

पायरी ४: कोणत्या जातीचा घ्यायचा

साधा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प म्हणजे एक स्वच्छ आवाज, एक ओव्हरड्राइव्ह (हलकं डिस्टॉर्शन), चार-पाच नॉब. फेंडर फ्रंटमन १०जी हा असा १० वॅटचा, सहा इंची स्पीकरचा अ‍ॅम्प, हेडफोन आणि ऑक्सची (मोबाइल वायरने जोडायची) सोय असलेला. मार्शल एमजी१० त्याच पठडीतला. ज्याला कॉर्ड, स्केल, सिनेमाची गाणी शिकायची आहेत आणि ज्याच्या हाती गिटार नवीनच आहे, त्याने यातला एक घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. चालू केला, की वाजवायला सुरुवात. मधे काही नाही.

मॉडेलिंग अ‍ॅम्पमध्ये आत छोटा संगणकच असतो. तो वेगवेगळ्या अ‍ॅम्पचे आणि इफेक्टचे आवाज तयार करतो. फेंडर मस्टँग एलटी२५ मध्ये २५ वॅट, आठ इंची स्पीकर, आतच ट्यूनर आणि लॅपटॉपला जोडायला यूएसबी मिळतं. पॉझिटिव्ह ग्रिडचा स्पार्क मोबाइलच्या अ‍ॅपवरून चालतो. यामाहाचा टीएचआर २०११ मध्ये आला तोच मुळी घरात, कमी आवाजात वाजवण्यासाठी म्हणून. त्याचे स्पीकर लहान असूनही बोलण्याच्या आवाजात तो भरलेला वाजतो. किंमत जास्त आहे, पण ज्याला स्टेजवर कधी जायचंच नाही आणि नोकरी सांभाळून रात्री वाजवायचं आहे, त्याच्यासाठी मला तो सगळ्यात योग्य वाटतो. मॉडेलिंगचा एक धोका आहे. आवाज बदलण्यातच तास निघून जातो आणि सराव राहतो. त्यावर उपाय म्हणजे पहिल्याच आठवड्यात तीन आवाज पक्के करा, एक स्वच्छ, एक हलका तुटलेला, एक जड. महिनाभर तेवढेच वापरा.

बॅटरीवर चालणारे छोटे अ‍ॅम्पही चांगले आहेत. बॉस कटाना मिनी ७ वॅटचा, चार इंची स्पीकरचा, सहा पेन्सिल सेलवर चालणारा. त्यात बास, मिडल, ट्रेबल असे तीनही नॉब आहेत, आणि या आकारात ते सहसा मिळत नाहीत. ब्लॅकस्टार फ्लाय ३ त्याहून लहान, ३ वॅटचा. वीज गेली तरी सराव चालू राहतो आणि गच्चीवरही नेता येतो. याहून लहान म्हणजे व्हॉक्स अ‍ॅमप्लगसारखा हेडफोन अ‍ॅम्प. काडेपेटीहून थोडा मोठा, थेट गिटारच्या खाचेत बसतो, दोन बारीक सेलवर चालतो. घरात लहान बाळ असेल किंवा रात्रपाळी करून आलेलं माणूस दिवसा झोपत असेल, तर एवढ्यावरही सुरुवात करता येते.

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प पहिल्या खेपेला घेऊ नका. ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या या अ‍ॅम्पचा खरा रंग आवाज चढवल्यावरच खुलतो, आणि १५ वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्पही फ्लॅटला झेपत नाही. शिवाय आत काहीशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ ते कपॅसिटरमध्ये साठून राहतात. हौसेने मागचं झाकण उघडायची वस्तू नाही ती.

पायरी ५: मागच्या खाचा बघा

हेडफोनची खाच नसेल, तर अ‍ॅम्प कितीही आवडला तरी परत ठेवा. हेडफोन लावल्यावर स्पीकर आपोआप बंद होतो का, हे दुकानातच तपासा. खाच ३.५ मिलिमीटरची आहे की ६.३५ची तेही बघा, म्हणजे जोडाचा तुकडा लगेच घेता येईल.

दुसरी हवी ती ऑक्स इन. मोबाइलवरचं गाणं, तबल्याचा ठेका किंवा तानपुरा याच स्पीकरमधून वाजवून त्यावर आपण वाजवायचं. नुसत्या मेट्रोनोमपेक्षा, म्हणजे टिक-टिक ठोके देणाऱ्या यंत्रापेक्षा, नवखा माणूस तबल्याच्या ठेक्यावर जास्त टिकतो, हे मी शिकणाऱ्या मुलांमध्ये सतत पाहतो. केरवा लावा आणि चार कॉर्ड फिरवत राहा, लय आपोआप अंगात येते.

ब्लूटूथबद्दल मात्र नीट समजून घ्या. मोबाइलवरचं गाणं ब्लूटूथने अ‍ॅम्पवर आणणं ठीक आहे, कारण ते जेव्हा ऐकू येतं तेव्हा तुम्ही त्यावर वाजवता. पण गिटारचा आवाज साध्या ब्लूटूथ हेडफोनवर ऐकायला गेलात, तर तार छेडल्यापासून कानात पोचेपर्यंत १०० ते २०० मिलिसेकंद जातात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे ठोक्याच्या पाचव्या भागापासून दोन पंचमांशापर्यंत उशीर झाला, आणि तेवढ्यात लय पुरती कोसळते. गिटारसाठी वायरचाच हेडफोन हवा.

पुढच्या बाजूला गेन आणि व्हॉल्यूम असे दोन वेगळे नॉब आहेत का बघा. गेन म्हणजे शेंगा चटणीतलं तिखट, आणि व्हॉल्यूम म्हणजे ताटात किती वाढली ते. दोन्ही वेगळे असले, तरच हळू आवाजातही तुटलेला, खरखरीत आवाज काढता येतो. एकाच नॉबवर सगळं असेल, तर डिस्टॉर्शनसाठी प्रत्येक वेळी घर जागं करावं लागेल.

पायरी ६: वीज आणि ऊन

आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. अमेरिकेहून आत्या किंवा मामा येणार म्हणून तिकडून अ‍ॅम्प मागवायचा मोह होतो. आधी मागच्या लेबलचा फोटो मागवा. त्यावर फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल, तर तो इथे सरळ लावल्या क्षणी जळू शकतो. अ‍ॅडॉप्टरवर १००–२४० लिहिलेलं असेल तर चिंता नाही. बॅटरीवरच्या काही अ‍ॅम्पसोबत अ‍ॅडॉप्टर येतच नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. घेताना व्होल्ट आणि मधली पिन अधिक की उणे, दोन्ही जुळवून घ्या. कोणताही ९ व्होल्टचा चालेल असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

अर्थिंगची गोष्ट जरा थांबून वाचा. गिटारच्या तारा पिकअपच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात, ग्राउंड वायरमधून अ‍ॅम्पला, आणि अ‍ॅम्प तीन पिनांचा असेल तर तिसऱ्या पिनेतून घराच्या अर्थिंगला. म्हणजे वाजवताना तुमची बोटं त्या साखळीला चिकटलेली असतात. जुन्या घरांत तीन छिद्रांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या छिद्रामागे वायरच नसते. आमच्याकडे उन्हाळ्यात जमीन इतकी वाळते, की अर्थिंगचा खड्डा असूनही नीट काम करत नाही. म्हणून जुने वायरमन त्यात पाणी घालायला सांगतात. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर लगेच अ‍ॅम्प बंद करा आणि वायरमन बोलवा. तिसरी पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात प्लग बसवणं कधीही नको. गाण्यासाठी माइकही लावणार असाल, तर माइकचा आणि गिटारचा अ‍ॅम्प एकाच एक्स्टेंशन बोर्डवर ठेवा. दोन वेगवेगळ्या सॉकेटच्या अर्थिंगमध्ये फरक असला, तर ओठ माइकला लागल्यावर झटका बसू शकतो.

घरात इन्व्हर्टर असेल, तर तो साइन वेव्हचा आहे की स्क्वेअर वेव्हचा ते विचारून घ्या. स्क्वेअर वेव्हवर पंखा जसा गुणगुणतो तसा अ‍ॅम्पही गुणगुणतो, आणि लोक अ‍ॅम्प खराब निघाला म्हणून दुकानात घेऊन जातात. वीज आल्यावर परत लावून बघा, आवाज गेला तर दोष इन्व्हर्टरचा.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो. चार्ज होणारी बॅटरी आत असलेला अ‍ॅम्प उन्हात लावलेल्या गाडीत किंवा गच्चीवरच्या खोलीत ठेवू नका, बॅटरी लवकर म्हातारी होते. कूलरच्या झोतासमोरही नको. ओलसर हवा, धूळ, आणि वर त्याच्या मोटरचा आवाज गिटारमध्ये शिरतो.

पायरी ७: दुकानात

स्वतःची गिटार आणि स्वतःची वायर घेऊन जा. दुकानातल्या महागड्या गिटारवर कोणताही अ‍ॅम्प चांगला वाजतो.

व्हॉल्यूम शून्यावर ठेवून वायर लावा. बास, मिडल, ट्रेबल मधोमध, गेन कमी, रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट) बंद. दुकानदार रिव्हर्ब वाढवून दाखवतील, कारण त्याने सगळंच गोड वाटतं. ऐकून घ्या आणि नम्रपणे बंद करायला सांगा. आता व्हॉल्यूम अगदी सावकाश वाढवा. घरच्या अ‍ॅम्पची परीक्षा या पहिल्या पाव फेऱ्यातच होते. आवाज शून्यातून हळूहळू उगवतो, की मधेच एकदम उडी मारतो? उडी मारणारा अ‍ॅम्प रात्री साडेनऊला तुम्हाला रोज छळेल. दुकानदार नेहमीच्या आवाजात बोलत असताना त्यांचं बोलणं आणि तुमची गिटार दोन्ही ऐकू येतील, तिथे नॉब थांबवा. पुढची सगळी तपासणी या आवाजात करायची.

जाड तार मोकळी छेडा आणि पेटीवर हात ठेवा, काही खडखडतंय का बघा. मग एक पूर्ण कॉर्ड वाजवून हात बाजूला घ्या आणि सूर विरेपर्यंत थांबा. शेवटच्या दोन सेकंदांत ऐका. सूर मऊपणे विरतो, की फुर्र-फुर्र करत तुटतो? मागे सूं असा आवाज किती आहे? थोडा असणारच, पण विरणारा सूर त्यात बुडायला नको. गेन अर्ध्यावर नेऊन गिटारचा स्वतःचा व्हॉल्यूम निम्मा करा. चांगला अ‍ॅम्प इथे तुटलेल्या आवाजातून स्वच्छ आवाजाकडे सरकतो, सामान्य अ‍ॅम्प नुसता हळू होतो. शेवटी हेडफोन लावून हेच सगळं परत. स्पीकरवर गोड वाटणारे काही अ‍ॅम्प हेडफोनवर कोरडे आणि किरकिरे निघतात, आणि तुमचा निम्मा सराव हेडफोनवरच होणार आहे.

सोलापुरातल्या वाद्यांच्या दुकानांत हार्मोनियम-तबल्याच्या मानाने अ‍ॅम्प कमी असतात. दुकानात एकच अ‍ॅम्प असेल तर घाईने तोच घेऊ नका. चार ठेवून तुलना करायची असेल, तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने गिटार पाठीला लावून पुण्याला जाणं मला योग्य वाटतं. त्याच गाडीने संध्याकाळी परत येता येतं. पण इथल्या दुकानदाराने मागवून दिला आणि परत घ्यायची तयारी दाखवली, तर इथेच घ्या. नॉब बिघडला की दुरुस्तीला पुण्याला कोण नेणार.

जुना घेत असाल, आणि कॉलेज संपवून जाणाऱ्या मुलांकडून बरे अ‍ॅम्प मिळतात, तर प्रत्येक नॉब पूर्ण फिरवून बघा. खर्र असा आवाज आला तर आत धूळ आहे, स्प्रेने बहुतेकदा साफ होतं, त्याचे पैसे कमी करून घ्या. इनपुटच्या खाचेत प्लग हलवून बघा. आवाज जात-येत असेल तर आतल्या वायरचा टाका सुटलाय, तोही दुरुस्त होतो. स्पीकरच्या कागदाला चीर असेल किंवा तो बोटांनी अलगद दाबल्यावर आत घासल्याचा आवाज आला, तर सोडून द्या.

पैशांचं म्हणाल, तर दहा हजारांच्या आत घराला पुरेसा साधा अ‍ॅम्प बसतो. त्यातले काही बाजूला ठेवून चांगली शील्ड असलेली तीन मीटरची वायर घ्या. स्वस्त वायरमुळे येणारी खरखर लोक कितीतरी दिवस अ‍ॅम्पची समजत राहतात.

पायरी ८: घरी आणल्यावर

अ‍ॅम्प जमिनीवर ठेवला की स्पीकरचं तोंड तुमच्या पायांकडे होतं. तीक्ष्ण सूर स्पीकरच्या समोर सरळ जातात, ते कानाला कमी येतात, म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवता आणि समोर बसलेल्यांचे कान किटतात. स्टुलावर ठेवा, तोंड कानाकडे करा. खाली सोलापुरी चादर चौपदरी घडी करून घाला. तिची वीण जाड असते, पेटीची धडधड स्टुलात आणि फरशीत कमी उतरते. कोपऱ्यात ठेवू नका, कोपऱ्यात खालचे सूर फुगतात. उघड्या भिंतीवर, अ‍ॅम्पच्या समोर, अजून एक चादर टांगली तर खणखणाटही बराच बसतो.

हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मनसन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. म्हणून घरी बास मधल्या खुणेच्या जरा वर ठेवा, ट्रेबल जरा खाली, मिडल तिथेच. गेन तुम्हाला वाटतो त्याहून कमी ठेवा. जास्त गेनमध्ये चुकीची बोटं झाकली जातात, आणि सरावात चुका ऐकू यायला हव्यात.

गुणगुण येत असेल तर क्रमाने तपासा. तारांना हात लावल्यावर कमी झाली, तर ते स्वाभाविक आहे. सिंगल कॉइल (एका गुंडाळीचे) पिकअप आजूबाजूची ५० हर्ट्झची वीज पकडतातच, हंबकर (दोन गुंडाळ्यांचे पिकअप) ती बरीचशी मारून टाकतात. खुर्चीवर बसल्या बसल्या हळूहळू वळा, एका दिशेला गुणगुण सगळ्यात कमी होईल. तिथे तोंड करून बसा. मग पंख्याचा रेग्युलेटर, मोबाइलचा चार्जर, ट्यूबलाइट एकेक बंद करून बघा. वायर बदलून बघा.

हेडफोनचा आवाज आधी शून्यावर ठेवून मग कानाला लावा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत अशी आहे, आणि हेडफोनवर डिस्टॉर्शन लावून ८० च्या पुढे जाणं फार सोपं असतं. बाजूला कोणी साध्या आवाजात हाक मारली आणि ती ऐकू आली नाही, तर आवाज जास्त आहे.

बंद करताना आधी व्हॉल्यूम शून्य, मग स्विच, मग वायर. बिल आणि खोका जपून ठेवा. बदलून देण्याची मुदत संपायच्या आत अ‍ॅम्प तुमच्या ठरलेल्या वेळी, तुमच्या खोलीत, दार लावून रोज वाजवा आणि घरातल्या कुणाला तरी शेजारच्या खोलीत बसवून विचारा. त्यांना तो टोचत असेल आणि नॉब फिरवून, जागा बदलूनही टोचणं जात नसेल, तर मुदतीच्या आत परत करून दुसरा आणा.